पहिला हिशेब कोणत्या भाषेत?

'गणिताला भाषा नसते' हे वाक्य आपल्याकडे पालकसभांतून आणि व्याख्यानांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते खरे आहे की नाही हे तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. कविता, गोष्टी, परिसर यांचे शिक्षण मातृभाषेतून झाले तर बरे, असे मान्य करणारे गृहस्थही गणिताचा विषय निघाला की लगेच म्हणतात, 'ते मात्र पहिल्यापासून इंग्रजीतूनच असावे. आकडे सगळीकडे सारखेच!' महाराष्ट्रात 'सेमी इंग्रजी' नावाची जी व्यवस्था रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी हीच समजूत आहे. भाषाविषय आणि इतर विषय मराठीतून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, अशी ती वाटणी. गोव्यात पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची शाळा शोधणाऱ्या पालकांच्या मनातही हाच विचार असतो. आमच्या मते ही समजूत मुळातच चुकीची आहे आणि तिची किंमत सहा-सात वर्षांचे मूल मोजत आहे.

प्रौढ माणसाच्या गणिताला भाषेचा आधार थोडा लागतो, हे खरे. दोन गणितज्ञ परस्परांची भाषा न जाणताही फळ्यावरील चिन्हांवरून एकमेकांचे म्हणणे समजू शकतील. परंतु पहिली-दुसरीतल्या मुलाचे गणित चिन्हांतून सुरू होत नाही. ते 'जास्त', 'कमी', 'आणखी', 'उरले', 'सगळे मिळून', 'प्रत्येकी', 'पैकी', 'इतकेच', 'पुढचा', 'मधला' अशा शब्दांतून सुरू होते. हे शब्द मुलाला शाळा देत नाही. भावंडांत खाऊ वाटला जाताना, घरच्या पाडणीचे नारळ मोजले जाताना, मासळी बाजारात विक्रीसाठी मांडलेले 'वाटे' पाहताना ते त्याच्या कानांवर पडतात आणि त्याच्या मनात रुजतात. मासळीचा वाटा म्हणजे समान भागांची कल्पनाच. भागाकाराचे चिन्ह कळण्यापूर्वी भागाकार काय करतो हे मुलाला अशा रीतीने ठाऊक झालेले असते. शाळेचे काम इतकेच की, जे त्याला ठाऊक आहे त्याला चिन्हाची आणि रीतीची जोड द्यावयाची. हे ठाऊक असणे ज्या भाषेत साठवलेले आहे ती भाषाच वर्गाच्या दाराबाहेर ठेवावयास सांगितली, तर ती जोड बसणार कशी?

एक साधे उदाहरण घेऊ. 'राजूकडे ८ गोट्या आहेत. त्या सीतेकडील गोट्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. तर सीतेकडे किती?' उत्तर ५ आहे. मातृभाषेतूनही हे उदाहरण मुलाला क्षणभर थांबवते, कारण 'जास्त' हा शब्द आला असला तरी येथे वजाबाकी करावयाची आहे. परंतु वाक्य कळत असल्यामुळे ते दोघांच्या गोट्या डोळ्यांपुढे आणू शकते. हेच उदाहरण अपुऱ्या इंग्रजीत त्याच्यापुढे आले की वाक्य हरवते, दोन आकडे आणि 'मोर' हा एक शब्द तेवढा हाती लागतो. मग ते ८ आणि ३ मिळवून ११ लिहून मोकळे होते. शिक्षकही नाइलाजाने युक्त्या शिकवतात. 'ऑल्टुगेदर' आले की बेरीज, 'लेफ्ट' आले की वजाबाकी. या युक्त्यांवर पहिली-दुसरी निभावते, गुणही बरे मिळतात आणि घरी समाधान पसरते. मुलाने गणित केलेलेच नाही, फक्त शब्द ओळखून क्रिया लावली आहे, हे चौथी-पाचवीत दोन पायऱ्यांची उदाहरणे आली म्हणजे उघडे पडते. तोवर उशीर झालेला असतो आणि 'याला गणितात गती नाही' असा शिक्का त्याच्यावर बसतो. दोष भाषेचा, शिक्षा बुद्धीला!

वाक्यरचनेचाही प्रश्न आहेच. '८ मधून ३ वजा करा' असे आपण म्हणतो तेव्हा आकड्यांचा क्रम पाटीवर लिहावयाच्या क्रमासारखाच असतो. 'सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट' असे म्हटले की तो उलटा होतो. 'पाचापैकी तीन' आणि 'थ्री आउट ऑफ फाइव्ह' यांतही तोच उलटा क्रम. इंग्रजी ज्याच्या घरची भाषा आहे त्याला ही उलटापालट जाणवतही नाही. ज्याला 'फ्रॉम' आणि 'ऑफ' यांचाच अर्थ नीट उमगलेला नाही, त्याने मात्र एकाच वेळी दोन कोडी सोडवावयाची असतात आणि त्यांपैकी पहिले कोडे गणिताचे नसतेच.

याचा अर्थ आपल्या भाषेत सारेच सोपे आहे, असा मात्र कोणी करून घेऊ नये. मराठीतील आणि कोंकणीतील संख्यानामे मुलांस जड जातात, ही वस्तुस्थिती आहे. 'बासष्ट' म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी येतात. त्यामुळे ६२ ऐवजी २६ लिहिणारे मूल दर वर्गात सापडते. 'एकोणसाठ' म्हणजे साठाला एक कमी, म्हणजे एका नावाच्या पोटात वजाबाकीच दडलेली! इंग्रजीत तेरा ते एकोणीस या संख्यांचा अपवाद सोडला तर दशक आधी आणि एकक नंतर असा सरळ क्रम आहे. कानडीतही तसेच आहे. 'अरवत्तेरडु' म्हणजे साठ आणि दोन. हीच अडचण ओळखून महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' या नावाबरोबर 'वीस एक', 'बासष्ट'बरोबर 'साठ दोन' असे वाचन देण्यात आले. त्यावर केवढे काहूर उठले, विधिमंडळापासून नाट्यगृहांपर्यंत किती थट्टा झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. पाठ्यपुस्तक समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या बदलामागील हेतू शांतपणे समजावून सांगितला. परंतु भाषेच्या अभिमानाने भारलेल्या वातावरणात मुलाला काय सोपे जाईल हा त्यांचा मुद्दा फारसा कोणी ऐकून घेतला नाही. त्या बदलाविषयी मतभेद असू शकतात. परंतु मातृभाषेतून गणित शिकवावे असे म्हणणाऱ्यांनीच मातृभाषेतील अडचणींकडे पाहण्यास नकार द्यावा, हे काही योग्य नव्हे.

उलटपक्षी, आपल्या भाषेजवळ जे धन आहे त्याचाही आपणांस विसर पडला आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द म्हणजे अपूर्णांकांची तयार शिदोरीच. 'दीडशे' आणि 'अडीच हजार' म्हणताना आपण नकळत अपूर्णांकाने गुणाकार करीत असतो. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत असत. घोकंपट्टी म्हणून आपण ती सोडून दिली. तिचे पुनरुज्जीवन करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'पाव किलो साखर आण' ही आज्ञा बिनचूक पाळणाऱ्या मुलापुढे 'वन फोर्थ' हा शब्द एखाद्या परक्या ग्रहावरून आल्यासारखा उभा राहतो आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी सांगत नाही, हे मात्र दुर्दैव आहे.

गोव्यातील माध्यमाचा वाद आता अर्धशतकाहून जुना आहे. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि ज्यांच्या घराण्यात कोणी पाटीला हात लावला नव्हता अशी मुले शिकू लागली. पुढे १९९० साली, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण ठरले. २०११ साली दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदानाची वाट मोकळी केली. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, सरकार बदलले, परंतु अनुदान चालूच राहिले. या साऱ्या काळात भाषेची अस्मिता, संस्कृती, मतांचे गणित आणि अनुदानाचे आकडे यांवर भरपूर बोलले गेले. पाटीवरच्या गणिताविषयी मात्र कोणत्याच बाजूने कोणी विशेष बोलल्याचे आढळत नाही. मूल वजाबाकी कोणत्या भाषेत समजेल, हा प्रश्न दोन्ही बाजूंना गौण वाटला.

इंग्रजीची निवड करणाऱ्या पालकांस दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी आणि पाचवीपासून बहुतेक सर्वत्र इंग्रजी, अशी आपली रचना आहे. चार वर्षे ज्याला 'बेरीज', 'हातचा', 'भाजक', 'अंश', 'छेद' म्हटले, ते सारे एका उन्हाळ्याच्या सुटीनंतर 'अॅडिशन', 'कॅरी', 'डिव्हायजर', 'न्यूमरेटर', 'डिनॉमिनेटर' होऊन पुढे उभे राहते. मधली पायरी कोणी बांधलेली नाही. पाचवीत मूल अडखळते हे शेजारच्या घरात पाहिलेला पालक आपल्या धाकट्याला पहिलीतच इंग्रजी शाळेत घालतो, यात त्याची इंग्रजीची हौस नसून भीती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. त्याचा उपाय मात्र चुकतो. पाचवीतील उडी टाळण्यासाठी तो तीच उडी पाच-सहा वर्षांच्या मुलास मारावयास लावतो.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. परक्या भाषेतून गणित शिकून मुले उत्तम निघाल्याची उदाहरणे जगात आहेत, असे सांगतात. ते खरे आहे. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे १९६५ साली इंग्रजीभाषक मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. लँबर्ट आणि टकर या अभ्यासकांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, ही मुले गणितात मागे पडली नाहीत. परंतु त्या प्रयोगाच्या अटी पाहावयास हव्यात. मुलांची घरची भाषा इंग्रजी. ती घरात, रस्त्यावर, पुस्तकांत, सर्वत्र भक्कम होती. शिक्षक फ्रेंच सहजतेने बोलणारे होते, शिवाय मुलांचे इंग्रजीही त्यांना कळत होते. दुसऱ्या इयत्तेपासून इंग्रजीचे तासही सुरू होत. पालकांनी स्वतः मागणी करून हा प्रयोग चालविला होता. आपल्याकडील ज्या वर्गात मुलाच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही, शिक्षकाचे इंग्रजीही पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे जात नाही आणि घरच्या भाषेत प्रश्न विचारणे हा अपराध ठरतो, त्या वर्गास सेंट लँबर्टचा दाखला कसा लागू पडेल?

आपल्या परिस्थितीशी अधिक जुळणारा दाखला मलेशियाचा आहे. त्या देशाने २००३ साली पहिलीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याचे ठरविले. युक्तिवाद तोच होता की, जगाची भाषा लवकर यावी आणि गणिताला भाषेची अडचण नसावी. सरकारने खर्चात हात आखडता घेतला नाही. शिक्षकांना संगणक दिले, प्रशिक्षण दिले, विशेष भत्ताही दिला. तरीही २००९ साली सरकारला हे धोरण मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने प्राथमिक शाळांतील गणित पुन्हा मलय, चिनी आणि तमिळ या भाषांकडे वळले. शहरी आणि ग्रामीण मुलांमधील अंतर वाढत चालले आणि अनेक शिक्षक अपेक्षेप्रमाणे इंग्रजीतून शिकवू शकत नाहीत, ही कारणे तेथील सरकारनेच दिली. पुढे २०१६ पासून काही शाळांना इंग्रजीचा पर्याय पुन्हा देण्यात आला, म्हणजे वाद तेथेही मिटलेला नाही. परंतु साधनसंपन्न देशालाही जे सरसकट जमले नाही, ते आपल्या वाड्यावाड्यांवरील वर्गांत आपोआप जमेल, अशी आशा कशाच्या बळावर करावयाची?

आता थोडे आपल्या घरात पाहू. मराठी माध्यमाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावयास हवी. गोमंतकातील पुष्कळ हिंदू घरांत मराठी ही वाचनाची, भजन-कीर्तनाची, नाटकाची भाषा आहे. चुलीपाशी बोलली जाते ती कोंकणी. त्या घरातील मुलाला पाठ्यपुस्तकातील 'स्थानिक किंमत', 'दर्शनी किंमत', 'विस्तारित मांडणी' हे शब्द घरचे वाटत नाहीत. सुदैवाने दोन्ही भाषांतील अंतर थोडे आहे. संख्यानामांची घडण सारखीच आहे. कोंकणीतले 'उणें' आणि मराठी गणितातले 'उणे' हे सख्खे शब्द आहेत. परंतु अंतर थोडे आहे म्हणून ते नाहीच असे मानले, तर मूल त्यातच अडकून पडते. मराठी शाळेतील शिक्षकाने वर्गात कोंकणीतून उदाहरण समजावून सांगितले तर मराठीचे काहीही बिघडत नाही. मुलाचे गणित मात्र सुधारते.

त्याहून अवघड स्थिती आहे ती बाहेरून पोटासाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांची. वास्को, मडगाव, म्हापसा या भागांतील सरकारी प्राथमिक शाळांत कानडी, लमाणी, हिंदी बोलणारी मुले बसतात. घरी 'अरवत्तेरडु' म्हणणारे मूल वर्गात 'बासष्ट' ऐकते आणि दशक-एककांचा क्रमच त्याच्यासाठी उलटा होतो. मराठी शाळा ही त्याच्यासाठी इंग्रजी शाळेइतकीच परक्या भाषेची शाळा आहे. १९५६ साली घटनेत समाविष्ट झालेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे, असे सांगतो. आपल्या मुलांसाठी जो न्याय आपण मागतो तो या मुलांना नाकारावयाचा असेल, तर आपल्या मागणीतील नैतिक बळच संपते.

मग करावयाचे काय? सक्तीचा मार्ग बंद झालेला आहे. कर्नाटकाने मातृभाषेच्या माध्यमाची जी सक्ती केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी अमान्य केली. माध्यमाची निवड पालकांनी करावयाची, असा तो निर्णय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावे असे म्हटले असले, तरी तेथेही 'शक्य तेथे' ही अट आहेच. तेव्हा शाळेच्या पाटीवर कोणते माध्यम लिहिले आहे याची वाट न पाहता, प्रत्येक माध्यमाच्या शाळेत जे करता येईल ते करावयास हवे.

पहिली गोष्ट म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात, शाळा मराठी असो, कोंकणी असो वा इंग्रजी, तोंडी गणिताला मुलाच्या घरच्या भाषेची मुभा असावी. मोजणे, वाटणे, तुलना करणे आधी त्या भाषेत व्हावे. नाव मागाहून यावे. दुसरी गोष्ट, मराठी आणि कोंकणी शाळांत तिसरीपासून गणिताच्या इंग्रजी संज्ञा जोडीने द्याव्यात. कल्पना मुलाच्या हाती आलेली असली की 'बेरीज' आणि 'अॅडिशन' ही एकाच वस्तूची दोन नावे ते हसतखेळत लक्षात ठेवते. कल्पनाच नसेल तर दोन्ही नावे पोकळच. यामुळे पाचवीचा कडा ओसरून उतार होईल आणि धाकट्याला पहिलीतच इंग्रजीत ढकलण्याचे पालकांचे मुख्य कारण नाहीसे होईल. तिसरी गोष्ट परीक्षेची. लहान वर्गांत शाब्दिक उदाहरण मुलास वाचून आणि गरज पडल्यास त्याच्या भाषेत सांगून मग उत्तर मागावे. तरच आपण त्याचे गणित तपासतो की भाषा, हे कळेल. चौथी गोष्ट, शिक्षकांच्या प्रशिक्षणात वर्गातील दोन भाषांचा वापर हा अपराध म्हणून नव्हे, तर कौशल्य म्हणून शिकविला जावा. यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतील फरक दाखवून दिला आहे. नव्या भाषेत मूल साधारण दोन वर्षांत बोलू लागते. त्या भाषेत विचार करून शिकण्याइतकी तयारी व्हावयास पाच ते सात वर्षे लागतात. आपले मूल पाहुण्यांपुढे इंग्रजीत चार वाक्ये बोलते म्हणून ते इंग्रजीतून गणित समजत आहे, असे मानणाऱ्या पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा. इंग्रजी यावयासच हवी आणि ती चांगली यावी. परंतु इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून गणित शिकणे ही दोन वेगळी कामे आहेत. सहा वर्षांच्या मुलावर ती दोन्ही एकदम टाकली तर बहुधा दोन्ही अपुरी राहतात.

माध्यमाचा वाद यापुढेही चालेल. सभा होतील, मोर्चे निघतील, निवडणुकाही येतील. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत मुले थांबून राहत नाहीत. दर वर्षी नवी मुले पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. ज्या भाषेत मूल आईजवळ 'आणखी एक दे' असा हट्ट धरते, त्या भाषेत 'आणखी एक' म्हणजे किती, हे त्याला प्रथम कळू द्यावे. त्यानंतर त्याने जगातील कोणत्याही भाषेत हिशेब करावा. तो त्याला येईल, कारण तो त्याचा स्वतःचा झालेला असेल.